युरोपातली गोचीड आणि नागपुरातला ताप

आपल्याकडे गोचीड म्हटली की गाईच्या कानात नाहीतर कुत्र्याच्या मानेवर फुगून बसलेली, करड्या रंगाची, वाटाण्याएवढी डोळ्यांसमोर येते. ऑस्ट्रिया, चेकिया, दक्षिण जर्मनी किंवा बाल्टिक देशांच्या रानात माणसाला चिकटतं ते बहुतेक वेळा तिचं पिल्लू असतं, खसखशीच्या दाण्याएवढं. चावल्याचं कळतही नाही. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, लहान मुलांच्या केसांत बोटं फिरवून शोधावं लागतं.

हिच्या चाव्यातून मुख्यतः दोन आजार येतात: जिवाणूंमुळे होणारा लाइम रोग आणि विषाणूमुळे होणारा गोचिडीचा मेंदूज्वर (टिक-बॉर्न एन्सेफलायटिस). लाइम रोगाचे जंतू अंगात यायला बहुधा दिवसभर लागतो, त्यामुळे गोचीड लवकर काढली की तो सहसा टळतो. मेंदूज्वराचा विषाणू मात्र तिच्या लाळेतच असतो आणि काही मिनिटांत रक्तात उतरतो. म्हणून भरवसा लशीवरच ठेवायचा. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढणं तरीही गरजेचं आहेच. रॉकेल, खोबरेल, पेटती काडी यातलं काहीही लावू नका. गोचीड दबली की लाळ आणखी आत सोडते.

आठ दिवसांच्या बस-टूरमध्ये शहरं पाहून येणाऱ्यांनी चिंता करू नये. एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये रानात चालणारे, तंबू ठोकणारे, तिथे शिकायला जाणारे यांनी मात्र लस घ्यावीच. पहिला डोस, एक ते तीन महिन्यांनी दुसरा, त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी तिसरा. घाई असेल तर दुसरा चौदा दिवसांवर देता येतो. दुसऱ्यानंतर साधारण दोन आठवडे गेले की रानात जावं. नागपुरात ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, तेव्हा शिकायला जाणाऱ्यांनी तिथे पोचल्याबरोबर पहिला डोस घ्यावा. जपानी मेंदूज्वराची लस झाली असली तरी ती या मेंदूज्वरावर कामाची नाही. आणि डोंगरातल्या शेतावर शेळीचं कच्चं दूध प्रेमाने पुढे केलं, तरी उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यातूनही हा विषाणू येतो.

खरी गफलत होते ती परत आल्यावर. चावल्यापासून साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप, अंगदुखी. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही कमी. ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात असा रिपोर्ट पाहून कोणीही डेंग्यूच म्हणेल, आणि त्यात त्या डॉक्टरची चूक नाही. मग ताप उतरतो, आठवडाभर माणूस बरा दिसतो, कामालाही लागतो. त्यानंतर काहींना पुन्हा जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ, हात थरथरणं, बोलण्यात गडबड. आता स्क्रब टायफस (किड्याच्या चाव्यातून येणारा जिवाणूंचा ताप) समजून डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं, तर त्याचा या विषाणूवर काहीच परिणाम नाही. यावर नेमकं औषधच नाही. रुग्णालयात आधार देत राहणं एवढंच हाती असतं.

चाचणीही फसवते. हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्याची या मेंदूज्वराची आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची) चाचणी उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते, उलट या आजारात डेंग्यूची आयजीजीही तशीच येऊ शकते. नक्की ठरवायला पाठीतलं पाणी आणि न्यूट्रलायझेशन चाचणी (प्रतिपिंडं नेमक्या याच विषाणूला रोखतात का, हे पाहणारी) लागते.

परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी तीन गोष्टी सांगा: कुठल्या देशात कुठल्या तारखांना होता, रानात गेला होता का किंवा कच्चं दूध प्यायला होता का, आणि अध्येमध्ये ताप उतरून किती दिवस बरं वाटलं. गोचीड दिसली नव्हती, हे सांगून विषय संपवू नका. कित्येक रुग्णांना ती दिसलेलीच नसते.