गच्चीवरचं काफळ: नवतपा निघाला, मुळंही पाहून झाली

काफळाची, म्हणजे पहाडातल्या एका रानफळाच्या झाडाची, रोपं नवतप्यातून, मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतून, तरली. वर दुहेरी हिरवी जाळी, कुंड्या भिंतीच्या झळेपासून लांब, पाणी सकाळी आणि सूर्य कलल्यावर. पानांची टोकं करपली, पण वरून नवी पालवी फुटतेय आणि पान चुरगळलं की वास मस्त येतो. हिमालयात साधारण हजार ते दोन हजार मीटरवर वाढणाऱ्या झाडाला 310 मीटरवरच्या नागपुरात यापेक्षा जास्त काय मागणार?

उन्हापेक्षा डोक्याला ताप मातीचा. याला आम्लधर्मी, निचऱ्याची माती लागते. आपली काळी माती नेमकी उलटी. म्हणून लाल माती, जाड रेती आणि कुजलेला पाला. नळाच्या जड पाण्याने पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहायला लागल्या होत्या. संत्रावाल्यांना हे लक्षण सांगायला नको. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, दिल्यावर फरक पडला.

आता खरी बातमी. कुंडी बदलताना मुळांवर तांबूस गाठींचे झुबके दिसले, पोवळ्याच्या तुकड्यांसारखे. रोपं आली तेव्हा मुळाशी उत्तराखंडातल्या अल्मोड्याकडची माती होती, तिचीच ही कृपा. या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र धरतात; तूर-सोयाबीनच्या गाठीतले रायझोबियम वेगळे. त्यामुळे युरिया बंद. नत्र आयता मिळाला की झाड गाठी धरत नाही. उघड्या, निकस उतारावर हे झाड तगतं ते याच्याच जोरावर, आणि पडलेल्या पानांतून मातीही सुधारते. मात्र हाच गुण परक्या जागी महागात पडतो: हवाईत नेलेल्या याच्या भाऊबंदाने, मिरिका फायाने, लाव्हाच्या नत्रहीन जमिनीत मुसंडी मारून तिथल्या मूळ झाडोऱ्याची जागा बळकावली. म्हणून माझी रोपं कुंडीतच.

पैशाचं गणित मात्र विचित्र आहे. फळाला साल नाही, दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं. त्यामुळे एप्रिल ते जून पहाडातली माणसं जंगलातून वेचून रस्त्याकडेला विकतात, तेवढीच कमाई. झाडाची साल मात्र वाळते, टिकते, लांब जाते. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात कायफळ, म्हणजे हीच साल, मागा, मिळेल. ताजं फळ नागपुरात शोधून दाखवा! साल खरवडली की झाड जातं, म्हणजे व्यापार पोचतो तो नेमका झाडाच्या मुळावर. आपल्या चारोळीचं दुखणं दुसरं: बी टिकतं, भाव चांगला, म्हणून दुसऱ्याच्या आधी आपण, या घाईत कच्चीच तोडतात.

चीनमध्ये याच्याच जातभाईचं, यांगमेईचं, रीतसर पीक आहे. झेजियांगच्या डोंगरउतारावर कलमी बागा. डोंगकुई जातीचं एक फळ 20 ग्रॅमच्या वर भरतं. रस, दारू, सुकवलेलं फळ असं सगळं होतं, त्यामुळे नासाडीतूनही पैसा निघतो. आपलं काफळ बोराहून लहान, त्यात बी मोठं. निवड आणि कलमं यांवर काम झालं तर पहाडातल्या शेतकऱ्याला साल विकायची गरज उरणार नाही, असं मला वाटतं. नागपूरच्या शेतात लावायच्या फंदात मात्र कुणी पडू नका.

नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलल्याशिवाय कळत नाही. तेव्हा राणीखेत-अल्मोड्याकडे कुणी जाणार असेल तर फळं धरलेलं झाड हेरून ठेवा. कलमासाठी मादीची काडी हवी आहे.