आधी आत, मग बाहेर

सकाळी पावणेसातला फोन आला. "ताई, रात्रभर मशीन लावतोय, पण काही सुटतच नाहीये." पेशंटचा थोरला भाऊ बोलत होता. मागून येणारी घरघर मला फोनवरही ऐकू येत होती.

पेशंट २८ वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करत नेणाऱ्या जन्मजात आजाराचा. फुप्फुसं चांगली आहेत, पण छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंत जोर उरलेला नाही. निरोगी मोठ्या माणसाच्या खोकल्याचा झोत मिनिटाला ३६० लिटरच्या वर जातो. तो १६० च्या खाली गेला की कफ आपल्या जोरावर निघणं जवळपास अशक्य होतं. याचा शेवटच्या तपासणीत १४० होता. म्हणून घरी कफ असिस्ट मशीन दिलेलं, आणि ते वापरायला त्या घराला मीच शिकवलेलं.

पोहोचले तेव्हा ऑक्सिमीटरवर ९० होतं. तो बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबानं श्वास देणाऱ्या यंत्रावर, उशांना टेकून बसला होता. डोळे उघडे, पण मास्क काढल्यावर एका दमात दोन शब्दही निघत नव्हते. भाऊ म्हणाला, "ऑक्सिजनचा सिलिंडर मागवू का?" मी नको म्हटलं. अशा पेशंटला नुसता ऑक्सिजन लावला तर आकडा सुधारतो, पण कफ आहे तिथेच राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. डॉक्टरांना फोन केला. चार-पाच फेऱ्यांत आकडा चढला नाही तर थेट हॉस्पिटल, असं ठरलं.

मशीन सुरू केलं आणि स्क्रीन बघून मी थबकले. बाहेर खेचायचा दाब उणे ४० होता, मी ठेवलेला तसाच. आत ढकलायचा मात्र १५. तोही मी ४० ठेवला होता.

"हा कुणी कमी केला?"

काकू, म्हणजे त्याची आई, पुढे आल्या. "मीच सांगितलं त्याला. आधीच छाती कफानं भरलीय, वरून एवढी हवा ढकलली तर कफ अजून खाली जाईल ना?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या भाषेत कफ म्हणजे बेडका, आणि इंग्रजीतला कफ म्हणजे खोकला. कफ असिस्ट म्हणजे कफ ओढून काढणारं मशीन, असं त्या घरानं धरलं होतं, आणि बटणं शिकवताना मी हा घोळ सोडवलाच नव्हता. त्याची टोचणी मला अजून आहे. हे मशीन खोकल्याची नक्कल करतं. खोकण्याआधी आपण नकळत खोल श्वास घेतो. ती हवा कफाच्या कडेनं वाट काढत त्याच्या मागे जाते आणि मग तीच त्याला बाहेर लोटते. मागे हवाच नसेल तर कितीही खेचा, झोत तयार होत नाही.

रात्रभर १५ वर राहिलेल्या छातीला एकदम ४० नको, म्हणून आधी २५ केला, मग ३५, मग ४०. मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरला. तीन सेकंद आत, छाती वर आलेली डोळ्यांना दिसली, आणि मशीननं दिशा बदलली त्याच क्षणी भावानं दोन्ही तळवे पोटावर ठेवून वर दाबलं. पाच श्वासांची एक फेरी, मग तोंड पुसून थोडी विश्रांती बायपॅपवर. दुसऱ्या फेरीत आवाज बदलला, खालची घरघर घशापर्यंत वर आली. तिसरीत मास्कमध्ये पिवळट, चिकट, बोटाच्या पेराएवढा गोळा आला. मी तो सक्शननं उचलला. पुढच्या फेरीत आणखी एक.

आकडा ९३ झाला, मग ९६. त्यानं मान किंचित हलवली आणि म्हणाला, "आई, पाणी." डॉक्टर दुपारी येऊन गेले. छातीत संसर्ग होताच, अँटिबायोटिक सुरू झालं.

निघण्यापूर्वी मी काकूंचा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि एक श्वास दिला. हाताखाली छाती फुगली तसा त्यांचा चेहरा बदलला. "एवढी वर येते? आम्ही लावत होतो तेव्हा हलतसुद्धा नव्हती."

"तेच बघायचं, काकू. आकड्याच्या आधी छाती बघायची."

"आणि बरा झाल्यावर? तेव्हाही लावायचं?"

"रोज, सकाळ-संध्याकाळ. फक्त जेवल्यावर लगेच नको."

त्यांनी पदर खोचला आणि मास्क माझ्या हातातून घेतला. "मग आता एकदा मला करू दे. तू नुसती बघ."