आधी पाय दाखवा

लाव्याचा फोटो पाठवून "हा कोणता?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पाय दिसतायत का? पाठवणारा वैतागतो. पाठीवरची नक्षी टिपायला त्याने जीव काढलेला असतो आणि मी बोटं मोजायला बसतो. पण लाव्यांच्या पिसांवर माझा भरवसा नाही. वाळक्या गवतात दडून जगायचं तर तपकिरी अंग, पिवळट रेघा, गोल बांधा आणि नावापुरती शेपटी हे सगळं ओघानं येतंच, मग आपसात नातं असो वा नसो.

मागचं बोट असेल तर पक्षी बहुधा कोंबड्या-तित्तिरांच्या गणातला. पुढची तीनच बोटं असतील तर तो टर्निक्स, म्हणजे बटनक्वेल. हे बटनक्वेल पूर्वी क्रौंचांच्या गणात असत. डीएनए तपासल्यावर ते टिटव्या, कुरव आणि सुरयांच्या गणात गेले. गवतातल्या या बुटक्या पक्ष्याचे भाईबंद समुद्रकिनाऱ्यावर निघावेत, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. त्यांचा संसारही उलटा. मादी मोठी, रंगानं उठावदार आणि घुमणारीही तीच. अंडी घालून ती दुसरा नर शोधते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे.

माझ्या नियमाला सुरुंग लावणारा पक्षी ऑस्ट्रेलियात आहे, प्लेन्स-वाँडरर. मागचं बोट शाबूत, पण कोंबड्यांशी संबंध शून्य. त्याला बराच काळ बटनक्वेलांच्या शेजारी बसवलं होतं. 1981 मध्ये ओल्सन आणि स्टेडमन या पक्षिशास्त्रज्ञांनी हाडांवरून दाखवलं की त्याचं जवळचं नातं दक्षिण अमेरिकेतल्या सीडस्नाइप या पक्ष्यांशी आहे. पुढे डीएनएनंही तेच सांगितलं. म्हणून वर "बहुधा" लिहिलंय.

कोंबड्यांच्या गणातही लावे एका घरचे नाहीत. अमेरिकेतले बॉबव्हाइट, कपाळावर तुरा झुकलेला कॅलिफोर्निया क्वेल वगैरे मंडळींचं कूळ वेगळं, ओडोन्टोफोरिडी. त्यांच्या खालच्या चोचीच्या कडेला बारीक दाते असतात. आणि आफ्रिकेतला स्टोन पार्ट्रिज, जो सगळ्यांनी तित्तिर म्हणून धरला होता, तो जनुकांवरून याच अमेरिकन कुळाचा निघाला. नकाशा बघून नाती ठरवणाऱ्यांची इथे चांगलीच जिरली.

आपण सहसा ज्याला लावा म्हणतो तो कोटर्निक्स. लिनिअसनं 1758 मध्ये त्याला टेट्राओ या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) घातलं होतं, जिथे आता ग्राउझ, म्हणजे थंड मुलखातले रानकोंबडीसारखे पक्षी असतात. आज तो मोर-तित्तिरांच्या फॅसिअनिडी कुळात आहे. त्यातही चकोर आणि बर्फाळ डोंगरांतला थोराड स्नोकॉक त्याच्या जवळचे, तर युरोपातला करडा तित्तिर मोनाल-फेझंटांच्या बाजूचा. झुडपांतून थव्यानं भर्रकन उडणारे बुश क्वेल परडिक्युला या निराळ्या प्रजातीत. इवल्याशा किंग क्वेललाही कोटर्निक्समधून काढून सिनॉइकसमध्ये टाकलंय.

खरा घोळ आहे तो साधा लावा आणि जपानी लावा यांचा. अंड्यांसाठी पाळतात तो जपानी. पूर्वी त्याला साध्याचीच उपजात मानत. दोघांचा संकर होतो, आणि युरोपात शिकारीसाठी सोडलेल्या पाळीव वंशाच्या पक्ष्यांमुळे तो रानातही झालाय. तरी मी त्यांना दोन जातीच मानतो, कारण नरांची साद वेगळी. साध्याची तीन ठोक्यांची स्वच्छ शीळ, जपान्याची फाटकी, घरघरती.

कोटर्निक्समधलाच आणखी एक लावा म्हणजे रेन क्वेल. त्याची साद दोन ठोक्यांची. नराच्या छातीवर काळा डाग असला तर प्रश्नच मिटला. मादी असेल तर पंखाची मोठी पिसं बघावी लागतात. साध्या लाव्याच्या पिसांवर फिकट पट्टे असतात, रेन क्वेलची कोरी. म्हणजे पाय दिसत नसतील तर निदान उघडलेल्या पंखाचा फोटो पाठवा. आणि आवाज रेकॉर्ड केला असेल तर आधी तोच.