हुंडर ते पँगाँग: ‘पाच तासां’चे साडेनऊ तास

आधी निकाल देऊन टाकतो, कारण परत येऊन तीन दिवस झाले तरी पाठ धरलेलीच आहे. लडाखमधल्या नुब्रा खोऱ्यातून (हुंडर गाव तिथलंच) पँगाँग तळ्याला श्योक नदीच्या रस्त्याने जाणार असाल तर सकाळी सहाला हुंडर सोडा. उठायला उशीर झाला तर तो रस्ता विसरा, लेहला परत या आणि चांग ला या खिंडीवरून जा.

ठाण्यात स्टेशनजवळच्या ज्या एजंटाकडे बुकिंग केलं, तो म्हणाला होता, “साहेब, पाच तास, एकदम मस्त रस्ता, सगळं पॅकेजमध्ये.” हुंडरला गाडीत बॅगा चढवल्यावर ड्रायव्हरने सांगितलं की पॅकेजमध्ये लेहवरूनचा रस्ता आहे, श्योकचे चार हजार वेगळे. एजंटाला फोन लावायचा तर माझं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही (पोस्टपेडच न्या), साडूभाऊंचं चालत होतं पण एजंट उचलेना. घासाघीस, मग नाश्ता, असं करत निघायला साडेनऊ वाजले.

खलसर गेलं, अगम गेलं आणि रस्ता संपला. घोडबंदरच्या खड्ड्यांवर वाढलेला माणूस आहे मी, पण तिथे निदान दोन खड्ड्यांच्या मध्ये डांबर असतं. इथे नदीच्या पात्रातले गोटे आणि त्यावर चाकांच्या खुणा. अगम ते श्योक गाव या पट्ट्यात आम्हाला चहाची टपरी दिसली नाही, फोनला रेंज नाही. दीडच्या सुमारास एका नाल्यापाशी थांबलो. वरचा बर्फ उन्हाने वितळतो आणि दुपारनंतर नाले फुगतात, हे एजंटाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ड्रायव्हरने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चार पावलं आत जाऊन तसाच मागे फिरला. पाणी गढूळ, आणि त्याच्या तळातून दगड गडगडत जाताना ऐकू येत होते. पलीकडे रस्त्याच्या कामावर झारखंडहून आलेले मजूर होते. त्यांचा जेसीबी येऊन भराव टाकेपर्यंत दोन तास गेले. मग एक टिपर पार झाला, त्याच्या मागोमाग आम्ही. पाणी दाराच्या फटीतून आत आलं. मेहुणीने तेवढ्यात रामरक्षा म्हणून पूर्ण केली.

पँगाँगकाठच्या स्पांगमिक गावाला पोचलो तेव्हा सात वाजले होते.

पैशांचं सांगायचं तर लेहच्या टॅक्सी युनियनचे दर छापलेले असतात आणि दोन्ही रस्त्यांचे वेगवेगळे दिलेले असतात. परतल्यावर पाहिलं तर फरक आम्ही मोजला त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. पहिले दोन दिवस लेहला पडूनच राहायचं असतं (उंची ११,५०० फूट), तेवढ्यात त्या दरपत्रकाचा फोटो काढून ठेवा. दर रविवारी येऊर चढतो, मला काय होतंय, असं म्हणू नका. मीही म्हटलं होतं. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला दाखवणारं पॅकेज घेऊ नका. त्या खिंडीची उंचीही वर्षानुवर्षं १८,३८० फूट सांगितली गेली, खरी १७,५८२ आहे. म्हणजे वाढवून सांगण्यात एजंट एकटा नाही.

पँगाँगला तंबू नको, होमस्टे घ्या. चौदा हजार फुटांवर रात्री तंबूचं कापड फडफडतं, डोकं ठणकतं, झोप लागत नाही. काठावर पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढायचे पैसे घेतात, बायकोने दिले. तळं निळं आहे, फोटोत दिसतं तसंच. हुंडरचे दोन वशिंडांचे उंट, लेहचे गोम्पे (बौद्ध मठ), सगळं छान झालं.

एजंटाने काल दोन हजार परत केले. उरलेल्यांचं विचारलं तर म्हणतो, “साहेब, नाला बघायला मिळाला ना?” शनिवारी साडूभाऊंना घेऊन त्याच्या ऑफिसात जाणार आहे.