खुळखुळा कुंडीत: जून ते नोव्हेंबर

गेल्या डिसेंबरात टेकडीच्या उतारावरून घागरीच्या, म्हणजे क्रोटालेरिया रेट्युसाच्या, चार वाळक्या शेंगा आणल्या होत्या. काही जण हिला खुळखुळाच म्हणतात. ताग हिचा सख्खा भाऊ.

१० जून. १२ बिया तशाच पेरल्या. उगवल्या २. चूक माझीच, साल दगडासारखी असते हे माहीत असून आळस केला. पुढच्या १२ पॉलिश पेपरवर घासल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी फुगून दुप्पट! आठवड्यात ९ रोपं.

जुलैत शेणखत जरा जास्त झालं; पानं माजली, कळीचा पत्ता नाही. पुन्हा घातलं नाही. द्विदल आहे, मुळांवरच्या गाठींत नत्राची सोय स्वतःच करते.

१४ सप्टेंबर. पहिला तुरा. पिवळी फुलं, मोठ्या पाकळीच्या पाठीवर तांबूस रेषा. काळा भुंगा बसला की त्याच्या वजनानं खालची चोच दबते आणि टोकातून पराग येतो, सोऱ्यातून शेव यावी तसा. काडीनं दाबून बघा, जमतं.

ऑक्टोबर शेंगांचा. शेंग आधी फुगते, बिया मागाहून भरतात. त्यामुळे हिरवी टम्म शेंग उन्हात धरली तर आत बारीक दाण्यांची ओळ आणि बाकी सगळी हवा. वाळून काळपट झाली की दाणे देठ सोडतात आणि वाजायला लागतात.

२ नोव्हेंबर. एक शेंग हलवली तर आवाजच नाही. बाजूला गोल भोक, आत काळी-पांढरी, लाल ठिपक्यांची अळी. युटेथिसा पतंगाची. बियांतलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. फवारा मारावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण नाही मारला.

विषाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. १९७० च्या दशकात सरगुजाकडे (आजच्या छत्तीसगडात) क्रोटालेरियाच्या बिया धान्यात मिसळून लोकांची यकृतं बिघडली होती, माणसं दगावलीही. पुतणीला शेंग वाजवायला दिली ती देठासकट, फुटलेली नाही हे बघून, आणि नंतर हात धुवायला लावले.

१९ नोव्हेंबर. ३१ शेंगांपैकी १८ वाजतात. मोडकी फांदी कठड्याला वाळत टांगली होती. आज तिच्यावर तीन ब्लू टायगर फुलपाखरं, तेच विष शोषायला सोंड लावून चिकटलेली. फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत.