बाबांची किल्ल्यांची टिपणं नव्या कॉम्प्युटरवर आणताना

बाबांचा डेस्कटॉप पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक भाग आणून जोडलेला. पेंटियम ४, विंडोज एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी आम्ही नेट काढून तो चालू ठेवला, कारण राजगड, तोरण्यापासूनच्या सगळ्या भटकंतीची टिपणं त्यातच होती. यंदा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले आणि थांबणं शक्यच नव्हतं.

वापरलेलाच, पण ६४ बिटचा डेस्कटॉप घेतला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. ते सोपं गेलं. जुनी हार्ड डिस्क आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, म्हणून यूएसबी अडॅप्टर आणला. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही. वेगळा पॉवर सप्लाय असलेलाच अडॅप्टर घ्या.

फायली लिबरऑफिसमध्ये उघडल्या, पण पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं! जुना मराठी फॉन्ट युनिकोड नव्हता; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र कोड देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत. फाईलमध्ये रोमन अक्षरांचेच कोड असतात, देवनागरी रूप फक्त फॉन्ट देतो. तो फॉन्ट टाकला की मराठी दिसतं, पण शोधता येत नाही आणि मोबाईलवर पाठवलं की पुन्हा तेच. म्हणून सगळं युनिकोडमध्ये न्यायचं ठरवलं.

खरं काम इथे होतं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी हे सांभाळतो, जोडाक्षरांपाशी मात्र अडखळतो. ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ झालं, ‘दऱ्या’चं ‘दर्या’, आणि किल्ल्यांच्या टिपणांत हे शब्द पानोपानी! सगळे ‘र्या’ एकदम बदलावेत तर ‘मर्यादा’ आणि ‘कार्यालय’ बिघडतात. मग बाबा शेजारी बसले आणि एकेक जागा आम्ही वाचून दुरुस्त केली. वाचताना ते मध्येच थांबत, वाट कुठून चढते ते सांगत. तेही मी टिपणाखाली लिहून घेतलं.

त्यांची बोटं इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाला सरावलेली. तोच कळफलक मिंटमध्ये मिळाला, त्यामुळे त्यांना नव्याने काही शिकावं लागलं नाही. ‘टाकं’ शोधलं की आता प्रत्येक गडावरचं पाणी समोर येतं, याचा त्यांना फार आनंद आहे.

मूळ फायली आणि त्या फॉन्टची टीटीएफ फाईल मी वेगळ्या पेनड्राइव्हवरही ठेवली आहे. शंका आली की मूळ पान उघडून ताडून पाहता येतं.