थोड्या खर्चात पानगळीचे घर

पानगळीचा ऋतू आला की घराचे रूप थोडे बदलावे असे मला दरवर्षी वाटते आणि बरीच वर्षे मी ते विकतच्या वस्तूंनी बदलत असे. प्लास्टिकची लालपिवळी पाने, कापडी फुलांच्या माळा, फक्त त्याच ऋतूत शोभतील अशा रंगांचे अभ्रे या वस्तू दोन महिने मिरवत आणि उरलेले दहा महिने माळ्यावर धूळ खात पडत. चार वर्षांपूर्वी माळा आवरताना ही सगळी खोकी एकत्र पाहिली आणि खर्चापेक्षाही अधिक वाईट या गोष्टीचे वाटले की, ज्या ऋतूत बाहेर रंगांचा खच पडलेला असतो त्याच ऋतूत मी त्यांच्या नकला विकत आणत होते. तेव्हापासून आधी घरातले हलवायचे, मग बाहेरचे वेचून आणायचे आणि तरीही काही उणे वाटले तरच विकत घ्यायचे, असा क्रम मी ठरवला आहे.

घरातले हलवायचे म्हणजे सर्वात आधी उजेडाचा विचार करायचा. उत्तर गोलार्धात 22 किंवा 23 सप्टेंबरच्या सुमारास आणि दक्षिण गोलार्धात 20 किंवा 21 मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात, त्यानंतर दिवस लहान होत जातो आणि दुपारचा सूर्यही आकाशात आणखी खाली उतरत जातो. याचा घराशी थेट संबंध आहे, कारण उन्हाळ्यात खिडकीच्या कडेलाच थांबणारे ऊन आता तिरपे होऊन खोलीत बरेच आत येते. माझ्या बैठकीच्या खोलीत ते समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचते. तेथे मी आतल्या खोलीतला आरसा आणून टांगते आणि वाचायची खुर्ची उन्हाच्या वाटेत सरकवते. यात एक पैसाही खर्च होत नाही, तरी खोली वेगळी वाटू लागते. संध्याकाळी छताचा मोठा दिवा बंद ठेवून, बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येतील असे दोन लहान दिवे लावावेत. एखादा बल्ब बदलायला झालाच असेल तर वेष्टनावर 2700 केल्विन असे लिहिलेला घ्यावा. त्याचा प्रकाश पिवळसर, उबदार असतो आणि लाकूड, लोकर व सुकलेली पाने त्यात खुलून दिसतात. 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या प्रकाशात हीच पाने मला निस्तेज वाटतात.

आता पानांविषयी, कारण माझा खरा जीव त्यांच्यात आहे. पहिल्या वर्षी मी पाऊस थांबल्याबरोबर टोपलीभर पाने वेचून आणली आणि तशीच एका मोठ्या वाडग्यात रचून ठेवली. तिसऱ्या दिवशी वरची पाने वळून कुरकुरीत झाली होती आणि तळाच्या ओल्या पानांवर बुरशी धरली होती. वेचलेले पान ही तयार सजावट नव्हे, ते नीट सुकवावे किंवा मुरवावे लागते, हे तेव्हा कळले.

झाड पाने गाळण्याच्या तयारीला लागले की पानातले हरितद्रव्य मोडू लागते आणि मुळातच पानात असलेली, पण हिरव्याखाली झाकली गेलेली पिवळी व नारिंगी रंगद्रव्ये उघडी पडतात. लाल रंगाचे तसे नाही. तो पानात उरलेल्या साखरेच्या आधाराने त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. म्हणून स्वच्छ उन्हाचे दिवस आणि थंड, पण दहिवर न गोठणाऱ्या रात्री लागोपाठ आल्या की लाली अधिक चढते. माझ्या अनुभवात घरात आणल्यावर पिवळी पाने रंग बऱ्यापैकी धरून ठेवतात, तर लाल पाने लवकर तपकिरी होतात. त्यामुळे लाल पाने मी खिडकीपासून दूर ठेवते.

सुकवण्याची सर्वात स्वस्त रीत म्हणजे जाड पुस्तक. पाने कोरडी पुसून टीपकागदाच्या किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकमेकांना न चिकटता ठेवावीत, वर वजन द्यावे, पहिल्या दोनतीन दिवसांनी कागद बदलावा आणि मग दोन आठवडे त्यांना हात लावू नये. अशी पाने सपाट राहतात, पण ठिसूळ असतात, म्हणून ती चौकटीत किंवा काचेखाली लावण्यासाठीच वापरावीत. पाने लवचीक हवी असतील तर ग्लिसरीनचा उपाय आहे. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी पसरट ताटलीत घेऊन पाने त्यात बुडतील अशी दोन ते सहा दिवस ठेवावीत आणि नंतर पुसून घ्यावीत. आख्खी डहाळी मुरवायची असेल तर मात्र ती पाने गळायला लागण्याआधीच कापावी लागते, कारण देठाने पाणी ओढणे थांबले की ग्लिसरीन पानांपर्यंत जात नाही. तिसरी रीत मेणाची आहे आणि तिची चमक मला सर्वात आवडते. मधमाश्यांचे मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. ते थेट आचेवर कधीही ठेवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे आणि दाबून सुकवलेले पान देठाला धरून क्षणभर बुडवून काढावे.

पाइनकोन, म्हणजे पाइनच्या झाडाचे खवलेदार शंकू, मिळत असतील तर जरूर वेचावेत. ओले असताना त्यांचे खवले मिटतात आणि कोरडे झाले की उघडतात, म्हणून पावसातून आणलेला बंद पाइनकोन वाया गेला असे समजू नये. मंद ओव्हनमध्ये, साधारण 90 ते 100 अंशांवर अर्धा तास नजरेखाली ठेवला की तो उमलतो आणि आतले किडेही मरतात.

कापडासाठी मी नवे काही घेत नाही. आटलेला किंवा कोपरांवर विरलेला लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुतला की लोकर घट्ट होते, मग ती कापली तरी उसवत नाही आणि तिचा उशीला चांगला अभ्रा होतो. लोकरीऐवजी कृत्रिम धागा असेल तर हे साधत नाही, त्यामुळे आतली पट्टी आधी वाचावी.

हे सगळे घरभर पसरू नये असे माझे ठाम मत आहे. एक कपाटाची फळी आणि एक मेज पुरे होते. उघडी मेणबत्ती सुक्या पानांजवळ लावू नये, पानांच्या शेजारी बॅटरीवरचा लहान दिवाच ठेवावा. ऋतू सरला की मेणात बुडवलेली पाने आणि पाइनकोन कोरड्या खोक्यात, कागदाच्या थरांमध्ये, पुढच्या वर्षासाठी जातात, आणि पुस्तकातली साधी पाने मी चुरून कुंड्यांच्या मातीत मिसळते, त्यामुळे माळ्यावर आता एकच खोके उरले आहे.